पाण्यात बुडाला तरी चालणारा स्विच

मी स्वतःच्या अकलेनं निवडलेला पहिला लिमिट स्विच एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला तरी चालणार होता. कॅटलॉगमध्ये तसं छापलंच होतं. हिंगणघाटच्या ज्या जिनिंगमध्ये तो लावायचा होता, तिथं प्यायच्या पाण्याच्या माठाखेरीज पाण्याचा थेंब दिसत नसे. तरी मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. बाबा रे, प्रेस काय वणा नदीत उभी करायची होती का, असं आज कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हाही नव्हतं, पण तेव्हा कोणी विचारलं नाही. कोणी विचारू नये याची व्यवस्था मीच करून ठेवली होती.

डिप्लोमा करून, दोन-तीन ठिकाणी हात काळे करून मी त्या जिनिंगमध्ये लागलो होतो. वर्ध्याजवळच्या नालवाडीहून रोज मोटरसायकलनं जायचो. तिथले कामगार मला साहेब म्हणायचे. घरी मला कोणी साहेब सोडा, धड नावानंही हाक मारत नसे, त्यामुळे हा शब्द मला जरा जास्तच चढला.

जिनिंगमध्ये कापसाची सरकी वेगळी होते आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. प्रेसचा रॅम म्हणजे खालून वर सरकणारा मांडीएवढा जाड लोखंडी खांब. तो रुई दाबत वर येतो. आमच्या रॅमवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती. ती रेघ चौकटीशी आली की बटन दाबून पंप थांबवायचा. मग चार बाया पुढे व्हायच्या, दाबलेल्या रुईच्या खालच्या-वरच्या खोबणींत हात घालून लोखंडी पट्ट्या ओवायच्या, आवळायच्या. झाली गाठ. दिवसभर हेच.

बटनावर बसायचे काकाजी. सगळे त्यांना काकाजीच म्हणत. साठीला आलेले, काटकुळे, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तेलाचा रिकामा डबा उलटा करून त्यावर बसलेले. हंगामापुरतीच नोकरी, पण वर्षानुवर्षं त्याच डब्यावर. मला ते पाहून हसू यायचं. एक धडधाकट माणूस दिवसभर बसून काय करतो, तर रेघ पाहतो!

मी मालकाला गाठलं. म्हटलं, लिमिट स्विच लावू. रॅमला एक लोखंडी कान बसवू. रॅम रेघेपर्यंत आला की तो कान स्विचला धक्का देईल आणि स्विच आपोआप पंप बंद करील.

"मग काकाजी काय करन?" मालकांनी विचारलं.

"काकाजीची गरजच नाही," मी म्हणालो. चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज म्हणालो. त्या वयाच्या माणसाला दुसऱ्या कुठल्या जिनिंगनं नव्यानं घेतलं नसतं, हे मला चांगलं माहीत होतं. पण मी त्या वेळी प्रगतीच्या बाजूनं होतो ना!

मालक म्हणाले, "पहिले लावून दाखव. हंगामात चालला तर पाहू."

स्विच आणायला नागपूरला गेलो. दुकानदारानं पाच-सहा नमुने काचेवर मांडले. त्यात एक होता लांब सळीवाला, सायकलच्या स्टँडसारखा बेंगरूळ. दुसरा होता छोटा, चकचकीत, वर आत दबणारी खुंटी आणि तिच्या डोक्यावर इवलंसं चाक. त्याची खुंटी दाबली की टक् असा आवाज यायचा. काय सांगू तो आवाज! मी तो इतक्या वेळा दाबला की दुकानदार म्हणाला, "साहब, लेना है कि बजाना है?" मग त्यानं विचारलं कशासाठी पाहिजे. जिनिंगसाठी म्हटल्यावर त्यानं सळीवाला पुढे सरकवला. "जिनिंगवाले सब येही ले जाते." मी त्याला कॅटलॉगमधली पाण्याची ओळ दाखवली. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग बिल करायला लागला. गिऱ्हाईक शहाणं असलं की दुकानदार वाद घालत नाही.

श्रावणात स्विच बसवला. रॅमचा कान खालून येणार होता, तरी मध्ये एक तरफ जोडून खुंटीचं तोंड वरच ठेवलं, कारण तसं ठेवलं की त्याच्यावरची चकचकीत पट्टी येणाऱ्या-जाणाऱ्याला सरळ वाचता येत होती. आता हे लिहितानासुद्धा कान गरम होतात. काकाजी तेव्हा दोन दिवसांच्या रोजीवर यंत्रांना ऑइल द्यायला आले होते. मान वाकडी करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"साहेब, याचं तोंड वरतं काऊन ठेवलं? रुई वरूनच पडते न बाप्पा."

"काकाजी, तुम्ही रेघ पाहा. स्विच मी पाहतो," मी म्हणालो. चारचौघांत म्हणालो. वरून एक कागद छापून आणून प्रेसच्या खांबाला चिकटवला : 'या स्विचला विद्युत विभागाशिवाय कोणीही हात लावू नये व त्याबाबत सूचना करू नये.' विद्युत विभाग म्हणजे मी एकटा.

मग चाचणी. पन्नास वेळा रॅम वर नेला, पन्नासही वेळा टक्. मी पन्नास आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. इथं आमच्या धंद्यातली गोम सांगायला हवी. जिनिंगमधली सगळी दुरुस्ती होते पावसाळ्यात, कारण हंगामात कोणाला डोकं खाजवायला फुरसत नसते. आणि पावसाळ्यात जिनिंग असते झाडून-पुसून लख्ख, हवेत रुईचा एक तंतू नाही. हंगाम सुरू झाला की तीच जागा अशी होते की माणसाच्या भुवया सकाळी काळ्या आणि दुपारी पांढऱ्या. मी माझा स्विच अशा जिनिंगमध्ये तपासला होता, जिथं कापूसच नव्हता. पण हे तेव्हा मला कोण सांगणार? कागद लावलेला होता.

दिवाळीनंतर कापूस आला, आणि माझे दिवस आले. गाठीमागून गाठ, रॅम बरोबर रेघेवर थांबायचा. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मी लांब उभा राहून चहाचे घोट घेत हे पाहायचो. नालवाडीच्या पानठेल्यावर तर मी लोकांना लिमिट स्विचवर व्याख्यानं दिली. एक जण म्हणाला, "अबे, घंटीचा खटका तो, त्याचं काय एवढं!" त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

काकाजी अजून त्याच डब्यावर बसत होते. मालकांनी निकाल दिला नव्हता ना. त्यांचा हात बटनाच्या पेटीवर असायचा. जुनी सवय, जाता जात नाही, असं मी समजायचो. एकदा थट्टेनं म्हटलंही, "काकाजी, आता हात खिशात घाला की."

"घालतो न साहेब," ते म्हणाले, "हंगाम संपू द्या."

तीन आठवडे असे गेल्यावर मी मालकांकडे गेलो. सांगितलं, एकदाही चुकला नाही. मालक म्हणाले, "मग महिना संपला का मोकळं करू. पण सांगाचं तूच त्याले. मले नाई जमत."

मला जमलं. मी काकाजींना चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला, जमाना बदलतो वगैरे बोललो. माझ्या आवाजात इतका गोडवा होता की मलाच भरून आलं. काकाजींनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या सुटी पायजे होती. वर्ध्याले डोळे दाखवाले जातो."

"जा ना, खुशाल जा."

"बटनावर कोणाले तरी बसवजा उद्या."

"अहो, मी आहे ना!" मी हसलो. म्हातारा दुखावलाय, आपलं महत्त्व दाखवतोय, असं मला वाटलं. बटनावर बसायचं म्हणजे काय, ते काम तर माझा स्विच करत होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना मुद्दाम प्रेसवर बोलावलं. म्हटलं, या, पाहा, माणसाशिवाय गाठ कशी होते ते. ते पांढराशुभ्र सदरा घालून आले. मी बटनापासून दहा पावलं लांब उभा राहिलो आणि हाताची घडी घातली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं तर मी स्वतःच बैल होऊन उभा होतो.

रॅम वर आला. रेघ आली. मी टक्‌ची वाट पाहू लागलो. रेघ चौकटीच्या वर गेली. मी अजून वाट पाहतोय! पंपाचा आवाज बदलला, कण्हल्यासारखा जड झाला. चारही बाया रोजच्या लयीत पुढे झाल्या होत्या. एकीचा हात खोबणीत कोपरापर्यंत गेला होता आणि रॅम थांबलेला नव्हता. मला दिसत होतं सगळं, पण घडी घातलेले हात काही केल्या सुटेनात.

"हात काढा वं!" त्यांतली एक ओरडली. हिरव्या लुगड्यातली, उतारवयाची. तिनं पुढचीला दंडाला धरून मागं ओढलं, दोन ढांगांत पेटी गाठली आणि लाल बटनावर थाप मारली. त्याच वेळी तेलाचा पाइप फुटला. अर्धं तेल रुईवर, अर्धं मालकांच्या सदऱ्यावर.

कोणाला लागलं नाही. त्या बाईचा हात सहीसलामत बाहेर होता, ती तो पुन्हा पुन्हा पाहत होती.

"काय झालं बे हे?" मालक गरजले.

"पाहतो," मी म्हणालो.

"काल सांगतलं न तू त्याले? मग जाता जाता काही करून गेला असन बुढा."

आता या ठिकाणी माणसानं काय बोलावं? मी म्हणालो, "असू शकते."

एवढंच म्हणालो. मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आणि त्यावर हसूनही घेतलं. त्या बोलण्यावर मला आजतागायत हसता आलेलं नाही. मला ठाऊक नव्हतं काय बिघडलंय, पण काकाजींनी काही केलेलं नाही एवढं मात्र मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणालो. तोंडातून निघालं तेव्हा सुटल्यासारखंही वाटलं, लाज वाटते सांगायला.

"येऊच देत नाई आता त्याले. आजच फोन करतो," म्हणत मालक सदरा झटकत ऑफिसकडे गेले. हिरव्या लुगड्यातली बाई जवळच फडक्यानं तेल पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

मी शिडी लावून वर चढलो. स्विच पाहिला. खुंटीभोवती रुई इतकी ठासून बसली होती की खुंटी आत दबायला जागाच नव्हती. तिच्या डोक्यावरचं चाक तंतू गुंडाळून गुंडाळून सुताच्या गुंडीएवढं झालेलं. मी पेचकसानं उकरायला लागलो. वरचा थर पांढरा, खालचा मळका, त्याच्या खालचा तेलानं काळा पडलेला आणि नमद्यासारखा घट्ट. एका दिवसाची रुई नव्हती ही.

"साहेब," खालून ती बाई म्हणाली, "तो तुमचा खटका तर दुसऱ्याच दिवशी बंद पडला."

"दुसऱ्याच दिवशी? मग रॅम कसा थांबत होता?"

"हातानं. ते दाबत होते न बटन. दर गाठीले."

मी शिडीवरच बसलो. दर गाठीला! ज्या गाठी पाहत मी चहा प्यायलो, ज्यांच्या जोरावर पानठेल्यावर बोललो, त्या सगळ्या काकाजींच्या अंगठ्यावर थांबल्या होत्या. माझा स्विच नुसता वर बसून होता, माझ्यासारखाच.

"मग मला कोणी सांगितलं का नाही?" मी आवाज चढवला. अजूनही माझाच आवाज चढत होता, बघा.

तिनं फडक्यानंच खांबावरच्या कागदाकडे दाखवलं. "आमाले वाचता येते, साहेब."

मालकांचं ऑफिस प्रेसपासून शंभर पावलांवर आहे. त्या शंभर पावलांत मी बरेच हिशेब केले. म्हातारा तर जाणारच आहे, महिनाअखेरीऐवजी आज जाईल. माझं सगळं आयुष्य पडलंय. कोणाला काय कळणार आहे? दारापाशी थांबलो. खरं सांगतो, आत जायला हिंमत लागली असं काही नाही. मी मागे वळून पाहिलं, तर ती बाई फडकं हातात घेऊन मी कुठं जातो तेच बघत उभी होती. म्हणून आत गेलो.

मालकांच्या हातात फोन होता. मी म्हणालो, "लावू नका. काकाजीनं काही नाही केलं. स्विच दुसऱ्याच दिवशी मेला होता. मी चुकीचा निवडला आणि उलटा लावला. ते रोज हातानं थांबवत होते."

"मघाशी तर म्हणत होता, असू शकते."

"भीती वाटली."

मालकांनी फोन टेबलावर ठेवला. "म्हणजे स्विचचं काम तो करून राह्यला होता," ते म्हणाले, "अन् स्विचकडे पाहाचं काम तू. मग दोघातून काढायचं कोणाले?"

"मला," मी म्हणालो.

"जा, पाइप बदल पहिले. अन् तो राहीन आता. तो सोता म्हणन तोवर राहीन."

काकाजी दुसऱ्या दिवशी परत येईपर्यंत मी पाइप बदलून, त्याच संध्याकाळी नागपूर गाठून सळीवाला स्विच आणला होता. दुकानदारानं मला पाहिल्याबरोबर तो न सांगता काढून दिला, ही आणखी एक शरम. काकाजी डोळ्यांत औषध घालून आले होते, डोळे लालसर. मी त्यांना डब्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते 'असू शकते'सुद्धा सांगितलं. ते ऐकताना त्यांनी दुपट्टा काढला आणि पुन्हा गुंडाळला.

मग माझ्यातला मोठा माणूस पुन्हा जागा झाला. मी म्हणालो, "काकाजी, एकदा हात सैल सोडला असता तर स्विच उघडा पडला असता. तुमचं काम वाचलं असतं, माझं गेलं असतं. तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"तुमच्यासाठी?" काकाजींना खरंच नवल वाटलं. "तुमच्यासाठी काऊन करीन मी? तुमी तर मले काढून राह्यले होते."

"मग?"

"तिथं हात कोणाचे राह्यते, पाह्यलं का कधी?" त्यांनी खोबणीकडे बोट केलं. "हात सोडून पाहाले तो काय खेळ हाये? अन् मालकाले सांगाले गेलो असतो, तर मालक तुमचं आयकते. भांडण झालं असतं, मी घरी बसलो असतो. मंग बटनावर कोण? तुमी?"

मी खोबणीकडे पाहिलं.

"ते हिरव्या लुगड्याची हाये न, जिनं बटन दाबलं, ते माही बायको हाये. वर्ध्याले जाता जाता तिले एवढंच सांगून गेलतो, का आज रेघ तू पाह्यजो. तिच्या भरोशावर गेलो मी, साहेब. तुमच्या नाई."

गेला हंगाम आणि हा हंगाम मी त्या दोघांना रोज पाहत होतो. दुपारी एकाच डब्यातून जेवताना पाहिलं होतं. नवरा-बायको आहेत हे मला माहीत नव्हतं. आणि मी 'असू शकते' म्हणालो तेव्हा ती माझ्यापासून दोन हातांवर तेल पुसत होती.

नवा स्विच मी काकाजी सांगतील तसा लावला. तोंड खाली, म्हणजे रुई साचणार नाही, झडून जाईल. सळी लांब, म्हणजे रॅम थोडा तिरका आला तरी ती वाकेल, मोडणार नाही. मी रिकामा रॅम चालवून पाहायला निघालो, तर काकाजी म्हणाले, "रिकाम्यावर नको. गाठ चढू द्या."

गाठ चढली. मी हाताची घडी घालण्याच्या भानगडीत पडलो नाही. काकाजी डब्यावर, अंगठा बटनावर. रेघ आली, सळी वाकली, टक् झालं आणि रॅम थांबला. तिघी बाया पुढे झाल्या. ती नाही झाली. पट्टी हातात धरून ती उभी राहिली आणि तिनं डब्याकडे पाहिलं. काकाजींनी पंपाचा आवाज ऐकला, रेघ पाहिली आणि मान हलवली. मग तिनं खोबणीत हात घातला. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.